ढकललं म्हणजे वाटलं नव्हे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं ते बहुतेक सगळे आपलेच आहेत. जळगाव आणि धुळे जिल्हे मिळून आमच्या नात्यागोत्यात इतके मास्तर आणि बाई आहेत की एखाद्या लग्नाच्या पंगतीत सहज शिक्षण परिषद भरवता येईल. तेव्हा वाचून कोणाला राग आलाच तर सरळ घरी या. आधी शेवभाजी खाऊ, मग भांडू.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. व्हॉट्सॅपवर आलेली फाइल पुढे ढकलणं म्हणजे शैक्षणिक साहित्य वाटणं नव्हे. आणि मोबाइलमध्ये चार हजार फाइली साठल्या म्हणजे संग्रह झाला असंही नाही. आपण ही दोन्ही कामं करतोय असं वाटून घेतो आणि प्रत्यक्षात दोन्ही करत नाही. याचा फटका ज्यांना बसतो त्यांचं वय सहा-सात वर्षांचं असतं, त्यामुळे तक्रार कोणी करत नाही.

आता "आपल्याकडचे मास्तर काही करतच नाहीत" हे रडगाणं मी गाणार नाही, कारण ते खोटं आहे. खानदेशातले शिक्षक भरपूर करतात. शब्दपट्ट्या, चित्रकार्डं, गणिताचे खेळ, स्वाध्यायपत्रिका, पाठाचे व्हिडिओ, ऑनलाइन चाचण्या... रात्री जेवणं झाल्यावर बसून, स्वतःचा डेटा जाळून करतात. सोयीसुद्धा पूर्वीसारख्या अगदीच नाहीत असं नाही. न्यूयॉर्कला बँकेत नोकरी करणारे मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक २०१५ नंतर गावोगाव सभा घेत फिरले. काही पैसा गावाने वर्गणीतून उभा करायचा, उरलेला वाटा ते घालायचे. असं करत दोन-तीन वर्षांत धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये पडदे, प्रोजेक्टर, संगणक पोचले. शाळा एक-दोन नव्हेत, आकडा अकराशेच्या घरात होता. ज्या गावात ग्रामपंचायतीची पाणीपट्टी वेळेवर भरली जात नाही त्या गावाने शाळेसाठी हजारो रुपये काढून दिले, ही काही लहान गोष्ट नाही.

पण पडदा लागला की दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो, यावर दाखवायचं काय? आणि या प्रश्नाला आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे: "ग्रुपवर टाका ना सर."

ग्रुपवर टाकलेल्या फाइलचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा सांगतो. सकाळी सात वाजता पहिलीच्या वाचनाची सुंदर पीडीएफ येते. तिच्यावर बावीस अंगठे येतात. आठ वाजेपर्यंत सुप्रभात, दोन वाढदिवस, एक भावपूर्ण श्रद्धांजली आणि तालुक्याहून 'आजच माहिती भरा'चा तक्ता येऊन ती पीडीएफ वर कुठेतरी निघून जाते. महिन्याभराने कोणीतरी विचारतं, "ते पहिलीचं वाचनाचं कोणाकडे आहे का?" मग कोणीतरी पुन्हा टाकतं, पण ती दुसरीच निघते. मध्ये मोबाइल भरला म्हणून मूळ फाइल पुसलेली असते. ज्यांनी ती तयार केली त्यांची बदली साक्रीहून शिरपूरला झालेली असते आणि नव्या शाळेच्या नव्या ग्रुपात ते आता नवीन सदस्य असतात. जुन्या शाळेत त्यांच्यामागे काय उरतं? भिंतीवर रंगवलेला पाढा. तो फॉरवर्ड करता येत नाही म्हणून टिकतो, एवढंच!

यापेक्षा वाईट गोष्ट नावाची. माझ्या एका मावसबहिणीने (तिला मी ताई म्हणतो, इथेही तसंच म्हणेन) पहिलीच्या मुलांसाठी अहिराणी-मराठी शब्दकार्डं केली होती. ज्यांना खानदेश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अहिराणीत प्रमाण मराठीतल्या 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया. 'आहे'ला म्हणतात 'शे'. मुलीला म्हणतात 'आंडेर'. घरातून ही भाषा घेऊन आलेलं पोर पहिल्या दिवशी 'शाळा' हा शब्द ऐकतं तेव्हा तो त्याच्यासाठी अर्धा परका असतो. त्याने वहीत 'शाया' लिहिलं की लाल फुली बसते. ताईंच्या कार्डावर एका बाजूला चित्र आणि 'डोया' होतं, दुसऱ्या बाजूला तेच चित्र आणि 'डोळा'. मूल आधी आपल्या शब्दाने चित्र ओळखतं, मग कार्ड उलटतं. फुली नाही, हसणं नाही. साधीच युक्ती आहे, पण अशी सव्वाशे कार्डं करायला तिला दिवाळीची अख्खी सुट्टी लागली होती.

वर्षभराने तीच कार्डं तिच्याच मोबाइलवर परत आली. खाली तिरक्या अक्षरात कोणा भलत्याचं नाव, कोपऱ्यात एका चॅनेलचा शिक्का. बरं, नाव गेलं ते गेलं, कार्डाच्या अहिराणी बाजूही गेल्या होत्या! कोणीतरी "अशुद्ध शब्द" म्हणून काढून टाकल्या होत्या. उरली होती नुसती 'डोळा', 'शाळा' अशी चित्रं. तशी बाजारात वीस रुपयांना मिळतात.

ताईला नाव गेल्याचं दुःख झालं नाही. ती म्हणाली, "अरे, ज्याने काढलं त्याने मला एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना, ते शब्द कशासाठी आहेत." मला या एका वाक्यावर सगळा लेख उभा करायचा आहे.

कारण नावाचा विषय काढला की आपल्याकडे लगेच कोणीतरी संतपणाचा आव आणतं. "ज्ञान दिल्याने वाढतं, नावाचा हव्यास कशाला?" वा! दुसऱ्याचं नाव पुसताना हे वैराग्य सुचतं, स्वतःचा शिक्का मारताना कुठे जातं? आणि नाव म्हणजे काही फक्त मोठेपणा नाही. नाव म्हणजे पत्ता. हे कोणी केलं, कोणत्या वर्गासाठी केलं, कोणत्या गावात वापरलं, चूक सापडली तर कोणाला सांगायची, हे सगळं त्या नावाला बांधलेलं असतं. नाव पुसलं की चूक दुरुस्त करायची वाट बंद होते. मग चुकीचा पाढा, चुकीचा नकाशा आणि चुकीची जयंती वर्षानुवर्षं त्याच आत्मविश्वासाने फिरत राहते. (फिरता फिरता मजकुराला शेवटी वपुंचं किंवा पुलंचं नाव चिकटतं, हे आपण सगळेच भोगतो आहोत.)

आणि हे धुळ्यात सांगावं लागावं? ज्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची, वाळवी लागलेली दप्तरं गोळा करत. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि पुढे ही मालिका बावीस खंडांपर्यंत गेली. कागद नुसते जमवून ते थांबले नाहीत. ते छापले, त्यांना क्रमांक दिले, प्रस्तावना लिहिल्या, म्हणजे पुढच्याला ते तपासता यावेत आणि राजवाड्यांशी भांडताही यावं. १९२६च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच गेले आणि त्यांच्या संग्रहासाठी गावाने संस्था उभी केली. त्याच गावात शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवून ठेवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. तेव्हा ना स्कॅनर होता, ना क्लाउड. पण गोळा करायचं तर कुठून आणलं ते लिहायचं आणि दुसऱ्याला बघता येईल अशा जागी ठेवायचं, एवढी शिस्त होती.

जळगावकरांनीही हसू नये. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ऐकून वहीत उतरवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने पुस्तक निघालं, त्यांच्या नावाने आणि त्यांच्या बोलीत. कोणी "अशुद्ध शब्द" म्हणून ती बोली काढली असती तर काय उरलं असतं सांगा बघू. २०१८ साली आपण विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. आणि त्याच विद्यापीठाच्या परिसरातल्या पहिलीच्या वर्गातून मात्र त्यांच्यासारखी बोली खोडरबराने पुसतो!

साने गुरुजींचंही तेच. १९२४ पासून सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. आज ज्याला आपण 'स्थानिक गरजेनुसार ई-साहित्य निर्मिती' असं लांबलचक नाव देऊन प्रशिक्षण घेतो, ते काम गुरुजी दौत-टाकाने करत होते. आपल्या समोरची मुलं कोण आहेत हे बघून रोज काहीतरी लिहायचं आणि सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावायचं, इतकंच ते काम होतं.

आता पुढची हरकत मला माहीत आहे. आमचे जिभाऊ नक्की म्हणणार, "सरकारने एवढं दीक्षा ॲप काढलंय, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, आणखी काय पाहिजे?"

जिभाऊ, दीक्षाला माझा नमस्कार आहे. २०१७ साली ते आलं आणि त्यातल्या बऱ्याच साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. क्यूआर कोडांचंही कौतुकच आहे. ती कल्पना मुळात वरून आली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती आधी वापरली, मग राज्याने उचलली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा दहा लाख डॉलरपैकी अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ स्पर्धकांना वाटून दिली. वाटणं म्हणजे काय ते यावरून कळावं.

पण राज्याचं भांडार राज्यासाठी असतं. त्यात सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत सगळ्यांना चालेल असंच ठेवावं लागतं. साक्री-शिंदखेड्याची अहिराणी, यावल-रावेरची लेवा बोली, शिरपूर-चोपड्याच्या डोंगरातली पावरी यांची कार्डं मुंबई-पुण्यात बसून कोण करणार आणि का करणार? २०११च्या जनगणनेत खानदेशी ही आपली भाषा म्हणून नोंदवणारे १८ लाखांवर होते. इतक्या लोकांच्या पोरांसाठी लागणारं पहिलीचं साहित्य आज कुठे आहे? आहे तर नक्की, पण शिक्षकांच्या मोबाइलमध्ये, 'आयएमजी' आणि पुढे बारा आकडे अशा नावाने.

शिवाय वरच्या गोष्टींची अडचण ही की त्या बदलतात. एक ॲप येतं, प्रशिक्षण होतं, सक्ती होते, मग दुसरं येतं. यात एकट्या सरकारलाही दोष नको. आपण जुने ब्लॉगवाले आहोत, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं. गूगल रीडर २०१३ मध्ये, ऑर्कुट २०१४ मध्ये. दुवे जमवण्यासाठी जगभरचे शिक्षक ज्यावर विसंबून होते ते डिलिशस २०१७ मध्ये विकलं गेलं आणि त्यात नवीन काही टाकणं बंद झालं. याहू ग्रुप्सवरचा मजकूर २०१९च्या शेवटी पुसला गेला, त्यात कितीतरी लोकांची वीस-वीस वर्षांची देवाणघेवाण होती. भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही, पण दागिने कोणी भाड्याच्या घराच्या भिंतीत पुरून ठेवत नाही.

आणखी एक आजार आहे, तो नुसत्या फोटोने पसरतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादाचं फार चांगलं काम उभं केलं. राज्यभरातून लोक बघायला गेले. त्यांनी फरशीवर आखलेल्या चौकटी, अक्षरं, आकडे पाहिले, फोटो काढले आणि ते ग्रुपवर टाकले. मग शाळाशाळांतून फरशा रंगल्या. पण मुलाने चौकटीत काय करायचं, बाईंनी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे फोटोत येत नाही. अनेक ठिकाणी रंग उरला, रीत आलीच नाही. साहित्याबरोबर ते वापरायचं कसं हे दिलं नाही तर ते वाटलेलं नसतं, फक्त दाखवलेलं असतं.

मग करायचं काय? नवीन पोर्टल नको, हात जोडतो! उद्घाटन, लोगो, समिती काही नको. करून दाखवलेलं एक उदाहरण आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेले अरविंद गुप्ता. काडेपेटी, सायकलची ट्यूब, झाडूच्या काड्या यांतून विज्ञानाची खेळणी करणारे. त्यांच्या साइटवर हजारो पुस्तकं आणि खेळणी आहेत, मराठीतलीही पुष्कळ. लॉगिन नाही, ओटीपी नाही, 'आधी सबस्क्राइब करा' नाही. पुस्तकावर लेखकाचं नाव, अनुवादकाचं नाव. उघडा, उतरवून घ्या, वापरा. दिसायला साइट जुनाट आहे, पण चालते आणि सापडते. मला वाटतं आपल्या केंद्राला एवढं जमण्यासारखं आहे.

माझं म्हणणं अगदी थोडक्यात मांडतो.

एक. फाइल कोणा सरांच्या खाजगी खात्यात ठेवू नका. केंद्राच्या किंवा शाळेच्या नावाने खातं काढा, त्याच्या किल्ल्या निदान तिघांकडे असू द्या. बदली माणसाची होते, साहित्याची होऊ नये.

दोन. फाइलला नाव द्या. इयत्ता, विषय, घटक, बोली, करणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष. 'नवीन फायनल २' हे नाव नव्हे.

तीन. एक साधा तक्ता ठेवा. काय आहे, कुठे आहे, कोणी वापरून पाहिलं, काय जमलं नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच आपण कधी भरत नाही, कारण 'जमलं नाही' लिहिलं की कोणी तपासणीला येईल अशी भीती असते. (ही भीती खरी आहे. केंद्रप्रमुखांनी ती आधी काढावी.)

चार. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉण्टात टाइप करून त्याचा फोटो काढून त्याची पीडीएफ केली की ती शोधता येत नाही आणि तिच्यातला एक शब्दही दुसऱ्याला बदलता येत नाही. यावलच्या बाईंना 'डोया'च्या कार्डात आपल्या बोलीचा शब्द घालायचा तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पाच. परवाना लिहा. 'माझं नाव ठेवा आणि खुशाल वापरा, बदला, छापा' एवढं एक वाक्य पुरतं. आणि जे मुळातच सर्वांचं आहे त्यावर स्वतःचा शिक्का मारू नका. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून स्वामित्वहक्कातून मोकळं आहे. 'श्यामची आई'च्या पीडीएफवर चॅनेलचा शिक्का मारणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

सहा. वर्षातून एकदा सगळं पेनड्राइव्हवर उतरवा आणि निवडक चाळीस-पन्नास पानं छापून गटसाधन केंद्रात ठेवा. पाड्यावर रेंज नसते, कागदाला रेंज लागत नाही.

यात व्हॉट्सॅप सोडा असं मी कुठेही म्हणालेलो नाही. व्हॉट्सॅप हा डांगोरा आहे, तो पिटायलाच हवा. फक्त डांगोरा पिटून झाल्यावर माल ठेवायला कोठार पाहिजे. ग्रुपवर फाइल टाकू नका, कोठाराचा पत्ता टाका.

"वेळ कुठे आहे?" हा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. ऑनलाइन माहिती भरता भरता शिक्षकांचा दिवस जातो हे खरं आहे, आणि त्यांच्यावर आणखी एक तक्ता लादायची मला हौस नाही. म्हणूनच उरलेलं भांडण तुमच्याशी आहे, ब्लॉगवाल्यांनो! शिक्षक नसलेल्यांनो! आपल्याला युनिकोड येतं, दुवे नीट लावता येतात, परवाना कळतो, आणि बोलीच्या अस्मितेवर लांबलचक लिहायला आपल्याला रविवार सापडतो. त्यातले दोन रविवार काढून एका शिक्षकाच्या मोबाइलमधल्या शंभर फाइलींना नावं देऊन बघा. पुण्यात, बंगळुरात, दुबईत बसूनही हे करता येतं.

मी ताईची सव्वाशे कार्डं टाइप करायला घेतली आहेत, दोन्ही बाजूंनी. अहिराणी शब्दांत तालुक्या-तालुक्याला फरक पडतो, त्यामुळे अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेडा इथल्या नातेवाइकांनो, तुमच्याकडे कोणत्या चित्राला काय म्हणतात ते कळवा. आजीला विचारा, शेतात विचारा. ज्याने सांगितलं त्याचं नाव आणि गाव कार्डाच्या मागे जाईल.

आणि हो, हा लेख आवडला तर फॉरवर्ड करू नका. पत्ता द्या. :-)